हवाई संरक्षण : एक नग, चालू स्थितीत

हिंगणओढ्याची कुशाबाई चेटकीण आहे, याबद्दल गावात कसलाही मतभेद नव्हता. ज्या गावात स्मशानाच्या रस्त्यावरूनसुद्धा दोन तट पडले होते, त्या गावात ही मोठीच गोष्ट म्हणायची. मतभेद होता तो एकट्या कुशाबाईचा. पण तिच्या बाजूनं दुसरं मत पडलं नाही, त्यामुळं ठराव पन्नासेक वर्षांपूर्वीच मंजूर झाला होता आणि अजून कायम होता.

हिंगणओढा इंदापूर तालुक्यात, डाळजच्या पुढं आत, उजनी धरणाच्या फुगवट्याच्या काठाला. गावाच्या तीन बाजूंना ऊस आणि चौथ्या बाजूला पाणी. कुशाबाईचं घर या सगळ्याच्या बाहेर, शिवेजवळच्या माळावर. ते आधीपासून तिथं होतं की तिच्यामुळं तिथं गेलं, हे आता कुणाला आठवत नाही.

गाव सांगतं ती हकीकत अशी. एकाहत्तर साली लढाई चालू होती. गावात दिवा लावायचा नाही असा हुकूम होता. कुशाबाई तेव्हा नवी नवरी. एका संध्याकाळी ती न्हाऊन, केस मोकळे सोडून, हातात काठी घेऊन माळावर उभी राहिली आणि वर तोंड करून तिनं असा काही शिव्यांचा भडिमार केला, की घोंघावत आलेलं एक विमान तिच्या डोक्यावर येऊन गर्रकन वळलं आणि आल्या वाटेनं परत गेलं. विमान दुश्मनाचं होतं, हे गावानं दुसऱ्या दिवशी पारावर बसून ठरवलं.

कुशाबाईची हकीकत जरा वेगळी होती. तिला माहेरून मिळालेली म्हैस दावं तोडून उधळली होती आणि ती तिला हाकत होती. तोंड वर होतं, कारण म्हैस चढावर होती. शिव्या म्हशीला होत्या. विमान आपलंच असावं. ते आपल्या कामानं आलं आणि आपल्या कामानं गेलं. ज्या शिव्यांनी म्हैस वळली नाही, त्या शिव्यांनी विमान कसं वळेल, असा तिचा साधा सवाल होता. पण म्हशी हाकणाऱ्या बाया गावात घरटी एक होत्या आणि विमान हाकणारी एकच होती. गावानं आपल्या सोयीची हकीकत ठेवून घेतली.

लढाई संपली. मग एवढ्या ताकदीच्या बाईचं शांततेच्या काळात करायचं काय, असा प्रश्न आला. जी विमान परतवते तिला धारेचं दूध नासवायला कितीसा वेळ लागणार, हे कुणाच्या तरी डोक्यात आलं, आणि तिथून पुढं सगळं सोपं झालं. गाय आटली, कुशाबाई. मोटर जळली, कुशाबाई. पोरगं परीक्षेत नापास झालं, कुशाबाई. जनावरांचा डॉक्टर, वायरमन आणि क्लासवाला या तिघांचीही अब्रू तिच्यामुळं वाचली, पण तिघांपैकी एकानंही कधी तिला रामराम घातला नाही. पुढं तिचा मुलगा आणि सून हायवेवर ट्रकखाली गेले. तेव्हासुद्धा गावानं ट्रकवाल्याचा शोध घेतला नाही. जिनं केलं ती घरातच आहे, मग बाहेर कशाला शोधायचं!

मागं राहिली नात, वैष्णवी. कुशाबाईनं तिला वाढवली, शिकवली. ती आता भिगवणच्या मेडिकल दुकानात कामाला होती आणि डॉक्टरांचं अक्षर वाचण्यात पटाईत होती. तिला भवानीनगरचं स्थळ आलं होतं. मुलगा विजयसिंह कारखान्यात केमिस्ट, त्याला मुलगी पसंत, मुलीला तो पसंत. अडलं होतं त्याच्या आईपाशी. राजलक्ष्मीबाई बघायला आल्या, पोहे खाल्ले, चहा प्याल्या आणि जाताना उंबऱ्यात थांबून म्हणाल्या, "मुलगी सोन्यासारखी हाय हो. पण आमच्या गोठ्यात धा जनावरं हायती. जिवाला घोर नको."

त्या दिवशी कुशाबाई जेवली नाही. स्वतःला कुणी काही म्हटलं तर ती दुप्पट म्हणून मोकळी व्हायची. तोंडाला तिच्या कधीच टाळं नव्हतं. पण हे पोरीवर आलं होतं. मरायच्या आत चेटकीण हा शब्द आपल्या नावापुढून जावा आणि पोरीच्या डोक्यावर अक्षता पडाव्यात, एवढीच तिची मागणी उरली होती.

अशात यंदाच्या उन्हाळ्यात सीमेवर गडबड सुरू झाली. टीव्हीवर सायरन वाजायला लागले, आणि तालुक्याहून ग्रामपंचायतीला पत्र आलं: प्रत्येक गावानं आपल्याकडील संरक्षणविषयक स्थानिक साधनांची माहिती तात्काळ सादर करावी.

ग्रामपंचायतीचे भाऊसाहेब, म्हणजे ग्रामसेवक, जोतीराम हे पापभीरू गृहस्थ. बारामतीला बदली व्हावी म्हणून त्यांनी पाच वर्षांत कुठल्याही कागदावर स्वतःचं मत लिहिलेलं नव्हतं. त्यांनी सरपंचांना बोलावलं. सरपंच दिग्विजय तरणाबांड, पांढऱ्या गाडीतून उतरताना आधी मोबाईल बाहेर काढणारा.

"साधनं म्हंजी काय हायती आपल्याकडं?" दिग्विजयनं विचारलं.

"सायरन म्हणून देवळाचा भोंगा लिहिलाय. भूमिगत निवारा म्हणून गटारीचा खड्डा लिहिलाय, मागच्या सरपंचांनी खणलेला. हवाई संरक्षणाचा रकाना तेवढा रिकामा हाय."

"निरंक टाका की."

"निरंक चालत न्हाय, साहेब. मागं विहिरीत पडलेल्या बिबट्यांची माहिती निरंक पाठवली, तर बिबटे का पडले नाहीत म्हणून खुलासा मागितला."

दिग्विजयनं खिडकीतून बाहेर बघितलं. समोरच्या रस्त्यानं कुशाबाई डोक्यावर कडब्याची पेंढी घेऊन चालली होती आणि वाटेत आडव्या बसलेल्या कुत्र्याला त्याच्या आईबापासकट उठवत होती. दिग्विजयच्या चेहऱ्यावर उजेड पडला.

"हाय की," तो म्हणाला. "एकाहत्तरला चाललेली. अजून चालू हाय."

जोतीराम घाबरले. कुणाला चेटकीण म्हणणं हा कायद्यानं गुन्हा आहे, हे त्यांना माहीत होतं. त्या कायद्याचं पोस्टर त्यांच्याच खुर्चीमागं लावलेलं होतं. गुन्हा होऊ नये आणि रकानाही रिकामा राहू नये असा मार्ग त्यांनी दुपारपर्यंत विचार करून काढला आणि लिहिलं: "हवाई संरक्षण (पारंपरिक, ध्वनिआधारित) : एक नग, चालू स्थितीत." मग पोस्टरकडं न बघता सही केली.

तालुक्याला दीडशेच्या आसपास गावं आणि हवाई संरक्षण फक्त एका गावाकडं, हे लक्षात आल्यावर लगेच पाहणीचा आदेश निघाला. पाहणीला विनया मॅडम आल्या. त्या मूळच्या पशुसंवर्धन खात्याच्या. संरक्षणाचा त्यांच्याकडं अतिरिक्त कार्यभार होता. जीपमधून उतरल्या, माळावर गेल्या आणि त्यांनी वही उघडली.

"नग कुठे आहे?"

जोतीरामांनी नुसतं बोट केलं. नग दारात बसून शेंगा फोडत होता.

"पल्ला किती?" मॅडमनी विचारलं.

"कशाचा?"

"आजींचा. किती किलोमीटरपर्यंत चालतात?"

"आवाज जाईल तितपत," दिग्विजयनं सांगितलं. "वारं धरून जास्त."

कुशाबाईनं शेंगांचं सूप बाजूला ठेवलं. "बाई, मी चेटकीण न्हाय. मी म्हैस हाकत हुते. हे मी एकाहत्तरपासनं सांगतीय, कुणाच्या कानात जात न्हाय."

"आम्हीही चेटकीण म्हणत नाही, आजी. तसं म्हणणं बेकायदेशीर आहे," विनया मॅडम समजुतीनं म्हणाल्या. "तुम्ही म्हैस हाकत होतात, ठीक. मग तशीच हाकून दाखवा. कागदावर आम्ही काय लिहायचं ते आम्ही बघू."

"म्हैस कुठाय हितं?"

"म्हशीची गरज नाही. आपण विमानाची चाचणी घेतोय."

इथं कुशाबाईचा तोल गेला. ती उठली, पदर खोचला आणि सुरुवात दिग्विजयपासून केली. दिग्विजय, त्याचा बाप, त्याची पांढरी गाडी, जोतीराम, तालुका, जिल्हा, अशी ती क्रमाक्रमानं वर सरकत गेली. त्याच वेळी बारामतीकडून एक शिकाऊ विमान आलं. ही विमानं तिथं रोज येतात आणि फुगवट्याचं पाणी दिसलं की वळतात. त्यांचा धडाच तसा असावा. हेही वळलं. विनया मॅडमनी वेळ लिहून घेतली आणि खाली शेरा मारला: चाचणी यशस्वी.

दिग्विजयनं सगळं मोबाईलवर घेतलं होतंच. त्यानं शिव्यांच्या जागी ढोल-ताशा टाकला आणि चित्रफीत सोडून दिली. संध्याकाळपर्यंत ती इंदापूर आणि बारामतीच्या घराघरांत पोचली. ज्यांनी आपल्या पोराबाळांना त्या माळावरून दुपारी जायची बंदी केली होती, तेच आता पोरं घेऊन दर्शनाला यायला लागले. कुशाबाईच्या अंगणात इतक्या चपला साठल्या, की शेंगा वाळवायला जागा उरली नाही.

आणि भवानीनगरहून गाडी आली. राजलक्ष्मीबाई उतरल्या त्या सरळ पाया पडल्या.

"आवो आक्का, आमाला काय ठावं! एवढं मोठं घराणं, आन् आमी जनावरांचं काय घिऊन बसलो. आता नाही म्हणायचं न्हाय. तारीख तुमी सांगा."

कुशाबाईला कळायला वेळ लागला नाही. शब्द तोच होता. पन्नास वर्षं जो थुंकल्यासारखा येत होता, तो आता हार घालून आला होता. ती गप्प राहिली. आयुष्यात पहिल्यांदाच गप्प राहिली, म्हणून सगळ्यांना तो होकार वाटला.

पाहुणे गेल्यावर वैष्णवी चिडली. "आज्जे, तू न्हाय का म्हणली न्हाईस? ही लोकं खुळी झाल्यात, तू बी त्यांच्यात?"

"पोरी, पन्नास वरसं न्हाय म्हणून काय पदरात पडलं? लगीन हुईस्तोवर दम धर. मग मी हाय आन् ती हायती."

इथपर्यंत गोष्ट एका गावापुरती होती. पण हिंगणओढ्याच्या शिवेला लागून सोनओढा आहे आणि सोनओढ्यात दत्तोबा तात्या आहेत. तात्यांनी कालव्याच्या पाण्यावरून भांडण्यात आयुष्य घालवलं होतं. दुसऱ्याच्या शेतात गेलेली प्रत्येक गोष्ट आपल्या वाट्याची होती, यावर त्यांचा विश्वास होता. ते चार माणसं घेऊन पंचायतीत आले.

"विमान तुमच्या शिवेवरनं वळतंय, ठीक हाय," तात्या म्हणाले. "पण वळून जातंय कुठं? आमच्याच डोक्यावर की! तुमी दुश्मन हाकलणार आन् आमी झेलायचा व्हय?"

"मग काय म्हणणं हाय तुमचं?" दिग्विजयनं विचारलं.

"पाळी लावा. म्हातारी आठवड्यातनं तीन दिस आमच्याकडं पायजे. समन्यायी वाटप झालंच पायजे."

हा मुद्दा बिनतोड होता. पाळी हा शब्द निघाल्याबरोबर आसपासची सगळी गावं जागी झाली. कालव्याच्या वरच्या अंगाची गावं म्हणाली, पहिला हक्क आमचा. शेपटाकडची म्हणाली, आमच्यापर्यंत कधीच काही येत नाही, निदान ही म्हातारी तरी पूर्ण दाबानं यावी. पलीकडून बारामतीकरांचाही अर्ज आला. त्यात आपली मागणी सर्वांत जुनी असल्याचं नमूद केलं होतं. विनया मॅडमनी कालव्याच्या पाण्याचं आखतात तसं नकाशावर कुशाबाईचं उन्हाळी आवर्तन आखलं.

आता आवर्तन म्हटलं की ते सांभाळायला यंत्रणा हवी, आणि या दोन तालुक्यांत यंत्रणा म्हणजे एकच. आठवड्याच्या आत "हिंगणओढा पंचक्रोशी पारंपरिक हवाई संरक्षण सहकारी संस्था मर्यादित" नोंदली गेली. शेअर्स निघाले. सभासदांच्या शेतावरून विमान वळेल, बिगर-सभासदाची जबाबदारी संस्थेवर राहणार नाही, असं पोटनियमांत स्पष्ट केलं. संचालक मंडळाची निवडणूक लागली, दोन पॅनेल झाली. दिग्विजयच्या पॅनेलनं विमान हे चिन्ह घेतलं, दत्तोबा तात्यांनी कपबशी. चिन्हांच्या यादीत म्हैसही होती, ती कुणी मागितली नाही.

सीमेवरच्या लढाईची बातमी या धामधुमीत थोडी मागं पडली. प्रचाराला जीप फिरल्या, जेवणावळी झाल्या. दिग्विजयचं पॅनेल निवडून आलं आणि तो चेअरमन झाला. तात्या पडले, आणि गुलालानं माखलेली मिरवणूक मुद्दाम त्यांच्या दारावरून गेली.

पहिल्या सभेला कुशाबाई गेली तेव्हा संस्थेचंही दप्तर सांभाळणाऱ्या जोतीरामांनी तिला दारातच अडवलं.

"आक्का, सभा फक्त सभासदांची हाय."

"आन् मी कोण?"

जोतीरामांनी अवघडून कागद चाळले. सभासदाच्या नावावर उसाची नोंद लागते. कुशाबाईच्या नावावर जमीनच नव्हती, ती नवरा गेल्यावर दिरानं केव्हाच लिहून घेतली होती. नोकर म्हणून घ्यावं तर वयाची अट आडवी येत होती. शेवटी ती सापडली. "तुमी यंत्रसामग्रीत हाय," ते म्हणाले. "जीपच्या खाली."

यंत्रसामग्री बाहेर पायरीवर बसली. आत तिच्या वापराचं धोरण ठरलं.

त्यानंतर तिला जीपमध्ये घालून गावोगाव फिरवू लागले. पहाटे एक गाव, न्याहारीला दुसरं. प्रत्येक ठिकाणी पाण्याच्या टाकीखाली तिला उभी करायचे, हातात माईक द्यायचे आणि चेअरमन तिच्या शेजारी हात जोडून फोटोसाठी थांबायचे. सुरुवातीला तिनं मनापासून शिव्या दिल्या, कारण देण्यासारखी माणसं समोरच होती. पण माणसाच्या घशाला मर्यादा असते. शेपटाकडच्या गावांत पोचेपर्यंत तिचा आवाज पार बसलेला असायचा. तिथल्या सभासदांनी कमी दाबानं पुरवठा होत असल्याचं सांगून हायवेवर रास्ता रोको केला. त्यात अडकलेल्या गाड्यांमधले ऊसवालेही चौकशी करून सभासद झाले.

वैष्णवी रोज संध्याकाळी तिला मिठाच्या गरम पाण्याच्या गुळण्या करायला लावायची आणि रडकुंडीला यायची. "बास कर आता आज्जे. तुझा घसा फाटलाय."

कुशाबाई खुणेनंच सांगायची, लग्न होऊ दे. पत्रिका छापून आली होती. वर सोनेरी अक्षरांत लिहिलं होतं: राष्ट्ररक्षक श्रीमती कुशाबाई यांची नात. कुशाबाईला वाचता येत नव्हतं, म्हणून राजलक्ष्मीबाईंनी ते वाचून दाखवलं, दोनदा.

आणि मग एका दुपारी लढाई थांबली. ती सुरू झाली तेव्हा हिंगणओढ्याला कुणी विचारलं नव्हतं, थांबतानाही विचारलं नाही. संस्थेनं मात्र तातडीची सभा घेऊन अभिनंदनाचा ठराव केला. आपल्या कार्यक्षेत्रात शत्रूचं एकही विमान येऊ शकलं नाही, याचं श्रेय चेअरमन आणि संचालक मंडळाला देण्यात आलं. हद्दीवर खरोखर उभ्या असलेल्या पोरांपैकी दोघं याच गावचे होते. त्यांच्या आया सगळी लढाईभर देवापुढून उठल्या नव्हत्या. त्यांना सभेचं बोलावणं नव्हतं, कारण त्यांचे शेअर्स नव्हते.

दत्तोबा तात्यांना गुलाल विसरता येत नव्हता. लढाई संपली तशी त्यांची विवेकबुद्धी जागी झाली. त्यांनी तक्रार ठोकली: हिंगणओढ्यात जादूटोण्याला उत्तेजन दिलं जात आहे, भोळ्या जनतेला फसवलं जात आहे, संबंधितांवर कायद्याप्रमाणे कारवाई व्हावी. तक्रार वरपर्यंत गेली आणि विषयाची माहिती असलेला अधिकारी म्हणून चौकशीसाठी विनया मॅडमकडं आली.

चौकशी पंचायतीतच भरली. खुर्चीमागं कायद्याचं तेच पोस्टर होतं. आधी चेअरमनचा जबाब झाला.

"जादूटोण्याशी संस्थेचा काय बी संबंध न्हाय," दिग्विजय छातीवर हात ठेवून म्हणाला. "आमी फक्त सहकार केला. जादूटोणा म्हातारीनं केला आसंल तर तिचं तिला ठावं."

कुशाबाई आत जायच्या आधी राजलक्ष्मीबाईंनी तिला व्हरांड्यात गाठलं. लग्न चार दिवसांवर आलं होतं.

"आक्का, चेटूक करते म्हणलात तर केस हुईल, आन् आमच्या घराण्याला कोर्टाची पायरी चढवत न्हाय."

"मग न्हाय म्हणते. खरं तेच हाय."

"आन् न्हाय म्हणलात तर ह्या पत्रिकेचं काय? हजार घरात वाटल्यात. नुसत्याच म्हातारीची नात आणली म्हणून पाव्हणं हसतील की."

"मग म्हणू तरी काय, बाई?"

"ते तुमी बघा. पण ह्या दोन्हीतलं एक बी म्हणू नका," राजलक्ष्मीबाई म्हणाल्या आणि पदर सावरून गाडीत जाऊन बसल्या.

कुशाबाई आत गेली. घसा फाटलेला होता. पण वैष्णवी दाराशी उभी होती आणि तिनं मान हलवली. बोल, खरं ते बोल. तेव्हा कुशाबाईनं एकाहत्तर साली जे सांगितलं होतं तेच पुन्हा सांगितलं. चढ, दावं, म्हैस, शिव्या. विमानाला आपण काही म्हटलं नाही, तेव्हाही नाही आणि आताही नाही. लोकांनी म्हटलं म्हणून आपण चेटकीण आणि लोकांनी म्हटलं म्हणून राष्ट्ररक्षक; आपण आपली म्हैस हाकत होतो.

विनया मॅडमनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. म्हैस म्हणजे त्यांच्या मूळ खात्याचाच विषय. त्यांना हुरूप आला.

"म्हशीच्या कानात बिल्ला होता का?"

"बिल्ला? एकाहत्तरला?"

"नंबर काही आठवतो? लसीकरण? कुठल्या डेअरीला दूध जायचं?"

"बाई, म्हैस हुती. काळी हुती. मला माझ्या बानं दिली हुती."

"पाहिली कुणी?"

जोतीरामांनी बाहेर जाऊन विचारलं. विमान पाहिलेले लोक हात वर करून उभे राहिले. त्यांत एकाहत्तरनंतर जन्मलेलेही बरेच होते. म्हैस पाहिलेला एकही निघाला नाही. सगळे त्या वेळी वर बघत होते.

विनया मॅडमनी निष्कर्ष लिहिला आणि वाचून दाखवला. विमान वळल्याचं बहुसंख्य साक्षीदारांच्या सांगण्यावरून तसंच यशस्वी चाचणीवरून सिद्ध होत असल्यानं या बाबीस अंधश्रद्धा म्हणता येत नाही. तथापि म्हशीच्या अस्तित्वाबाबत कोणताही पुरावा आढळत नसून, सदर म्हैस हा निव्वळ भ्रामक समज असल्याचं दिसून येतं. सदर महिलेनं यापुढं असा समज पसरवू नये, अशी समज देण्यात येत आहे. प्रकरण पुढील कार्यवाहीस्तव अग्रेषित.

सगळे खूश झाले. दिग्विजय सुटला, संस्था टिकली. तात्यांना पुढच्या निवडणुकीत संचालकपद देण्याचं ठरलं. जोतीरामांची बारामतीला बदली झाली. पत्रिकेतली सोनेरी ओळ कायद्यानंच खरी ठरली, म्हणून राजलक्ष्मीबाईंनी पेढे वाटले.

लग्न भवानीनगरला थाटात झालं. स्टेजवर कुशाबाईचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला. माईकवरच्या माणसानं तिचं नाव तीन वेळा घेतलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग करवल्या नवरीला हळद लावायला निघाल्या तशी कुशाबाईही उठली, तेव्हा राजलक्ष्मीबाईंनी हलकेच तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"आक्का, तुमी बसा हितंच खुर्चीवर. तुमचा मान मोठा. हळदीला हात दुसऱ्या कुणाचा तरी लागू द्या. उगं मनात शंका नको."

कुशाबाई बसली. शाल अंगावर, नारळ मांडीवर. नात पलीकडं पिवळी होत होती आणि आजी टाळ्या वाजवणाऱ्यांच्या गर्दीत एकटी होती. मांडवातला प्रत्येक माणूस येऊन तिच्या पाया पडत होता आणि आपलं पोर मात्र तिच्या नजरेआड धरत होता. तिला रडू आलं, पण रडणं फोटोत बरं दिसणार नाही म्हणून फोटोवाल्यानं तिला हसायला सांगितलं.

अक्षता पडल्या. त्यानंतर वैष्णवी मुंडावळ्या तशाच ठेवून, हळदीची वाटी उचलून, सासूच्या देखत मांडव ओलांडून आजीपाशी आली. खाली बसली. आजीची बोटं वाटीत बुडवली आणि आपल्या दोन्ही गालांना लावून घेतली. मग तिनं विचारलं,

"आज्जे, ती म्हैस घावली का गं मग?"

 चौपन्न वर्षांत कुशाबाईला हे कुणी विचारलं नव्हतं.

"न्हाय गं," ती म्हणाली.  "लई हुडकली. गाभण हुती."

सुज्ञ वाचकांनी हिंगणओढ्याच्या लोकांना हवं तेवढं हसावं. खुळीच आहेत ती. फक्त एक बारीक चौकशी राहिली. म्हैस दावं तोडून उधळल्याचं तुम्हाला पहिल्याच पानावर सांगितलं होतं, आणि ती वळली नाही हेही. तिचं पुढं काय झालं, हे तुमच्यापैकी कुणी विचारलं नाही. तुम्हीही वरच बघत होतात.